सुनीला घेऊन माझगावला

मुंबईहून परत येऊन बारा दिवस झाले. विहिरीवर, बाजारात बायका विचारतात, "मुंबई कशी होती गो?" मी म्हणते, होती तशीच आहे. ते खरं नाही, पण उभ्या उभ्या दुसरं काय सांगणार? चार माणसं बघायला लागली की माझं तोंड सुकतं. लिहिताना कोणी तोंडाकडे बघत नाही. म्हणून वहीच्या उरलेल्या पानांवर त्या दिवसांचं लिहून ठेवते आहे.

आधी हे सांगायला हवं की गेलो कशासाठी.

सुनी माझी एकुलती एक मुलगी. आता एकोणीस वर्षांची आहे. जन्मापासून तिचे हातपाय तिच्या ताब्यात नाहीत. बोलता येत नाही, पण समजतं सगळं. हो म्हणायचं असेल तर डोळे वर नेते, नाही म्हणायचं असेल तर मिटते. ही खूण तिला माझगावच्या शिरसाठ पाळकसाहेबांनी शिकवली. पाळक म्हणजे ख्रिस्ती लोकांच्या देवळातले धर्मगुरू. आम्ही लालबागला राहत होतो, सुनीचे बाबा गिरणीत होते, तेव्हा संपाच्या काळात मी तिला कडेवर घेऊन पाळकसाहेबांच्या वर्गाला जायची. तिथे अशी दहा-बारा मुलं येत. मग संप मोडला, गिरणी काही उघडली नाही, आणि आम्ही देवगडकडच्या आमच्या गावी आलो. सुनीचे बाबा आता आंब्याची बाग राखतात.

दहा वर्षांनी पाळकसाहेबांचं पत्र आलं. ते अपंग माणसांवर आणि देवावर एक मोठं पुस्तक लिहीत होते, ते पुरं झालं होतं. त्यात सुनीची आणि माझी हकीकत होती. 'ज्यांची हकीकत आहे त्यांनी ऐकल्याशिवाय मी छापखान्यात देत नाही,' असं त्यांनी लिहिलं होतं. खाली आणखी दोन ओळी होत्या. चर्चच्या मागच्या बंगल्यात मोठ्या मुलींसाठी राहण्याची सोय केली आहे. आठ मुली राहतात, एक खाट रिकामी आहे.

त्या दोन ओळी मी पुनःपुन्हा वाचल्या. तालुक्याच्या डॉक्टरने मला सांगितलं होतं की आता मुलीला उचलायचं नाही, तुमचा मणका गेलेला आहे. मी रोज उचलत होतेच. सुनीच्या बाबांना म्हटलं, "पुस्तकातलं मला काही कळायचं नाही. पण हिला तिथे ठेवतील का, ते विचारायचंय." ते सुपारी कातरत होते. बराच वेळ कातरत राहिले. मग म्हणाले, "तू उचलतंस. तूच ठरंव."

परळ आणि लालबाग

परळच्या एसटी स्टँडवर यशोदा आली होती. ती आमच्या चाळीतली शेजारीण, भिंतीला भिंत. सुनीला न्यायला तिने भाजीवाल्याची हातगाडी आणली होती. वर गोधडी घातली होती. एका बाजूला कोथिंबिरीच्या काड्या अजून चिकटलेल्या होत्या.

"बघतंस काय? म्हाराणी येतली म्हणान रथ काढलंय," यशोदा म्हणाली. "चेडू केवढा झाला गो! आणि तू? तू किती सुकलंस!"

गाडी ढकलायला तिचा नवरा होता. लालबागच्या नाक्यावर एका बाईने गाडी थांबवली आणि सुनीभोवती गुंडाळलेल्या गोधडीकडे बोट करून विचारलं, "पालक कशी दिली?" गोधडी हलली तशी बाई किंचाळली. सुनी एवढी हसली की गाडीवरून घसरायला लागली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. रस्त्यात सगळे बघत होते. यशोदा मात्र त्या बाईला म्हणाली, "पालक संपली. ही माझी भाची आसा, विकूची नाय."

चाळीत सगळं ओळखीचं होतं आणि काही ओळखीचं नव्हतं. जिन्याची तीच तुटकी पायरी. पण गिरणीचा भोंगा नाही. आमच्या वेळी भोंग्यावर स्टोव्ह पेटायचे, भोंग्यावर मुलं शाळेत जायची. आता यशोदा दर थोड्या वेळाने घड्याळाकडे बघते. तिचा नवरा ज्या गिरणीत विणकर होता, तिच्याच दारावर आता राखणदार आहे. मी विचारलं, आत काय आहे? तो म्हणाला, "आत काय नाय. मशिनी पण उचलून नेल्यानी. गवत आसा. ता कोण चोरीत तर बघतंय."

यशोदाने बांगड्याचं तिखलं आणि भात केला होता. गावाकडचे बांगडे ताजे असतात, तरी तिच्या हातच्या तिखल्याची चव मला घरी जमत नाही. सुनीला भरवताना माझी कंबर धरली. यशोदाने बघितलं आणि माझ्या हातातली थाळी काढून घेतली. "ठेव गो तिला त्या पाळकाकडे," ती हळू म्हणाली. "पाप नाय त्यात काय." सुनी दोन हातांच्या अंतरावर होती. तिने आमच्याकडे बघितलं नाही. ऐकलं असणार.

वरळी कोळीवाडा

दुसऱ्या दिवशी सकाळी पाळकसाहेब टॅक्सी घेऊन, टपावर सुनीसाठी चाकांची खुर्ची बांधून, आम्हाला न्यायला आले. अडुसष्टचे झाले आहेत. चष्म्याच्या काचा बाटलीच्या बुडासारख्या जाड झाल्यात, आणि बगलेत कागदांची फाईल. सुनीला त्यांनी आधी नमस्कार केला, मग मला. पूर्वीही असंच करायचे.

"वाटेत एक वाचन उरकू," ते म्हणाले. माझगाव लालबागच्या दक्षिणेला आणि वरळी पश्चिमेला, पण पाळकसाहेबांना दिशा कधीच कळल्या नाहीत.

कोळीवाड्याच्या गल्लीत टॅक्सी जात नाही. टॅक्सीवाल्याने आणि पाळकसाहेबांनी सुनीला खुर्चीवर बसवून खुर्चीसकट नेलं. दोन्ही बाजूंना काठ्यांवर बोंबील वाळत होते. आमच्या गावी मासे जमिनीवर, खळ्यात वाळवतात. इथे जमीनच नाही, म्हणून मासे वर टांगलेले आणि त्यांच्या खालून माणसं वाकून जातात.

हिराबाई नावाच्या कोळिणीचं घर होतं. तिचा भाऊ पांडू आंधळा आहे. दारात बसून तो जाळं दुरुस्त करत होता. फाटलेली जागा बोटांनी शोधायची, सुई घालायची, गाठ मारायची, पुढे जायचं. ही माणसं ख्रिस्ती नाहीत. पाळकसाहेबांना तिथे येण्याजाण्यासाठी तशी काही अट नव्हती.

त्यांची वाचायची पद्धत ठरलेली आहे. वर्गात आम्हा आयांनाही ते पुस्तकाची पानं वाचून दाखवत. चूक वाटली, कळलं नाही, तर बाकावर टकटक करायची. कोणी टकटक केली की ते थांबत आणि खोडत. मी कधी केली नाही. मला सगळ्यांदेखत तेवढासुद्धा आवाज करायची लाज वाटे.

पाळकसाहेबांनी पांडूचं पान वाचायला घेतलं. दुसऱ्याच ओळीला हिराबाईने हातातला कोयता पाटावर आपटला.

"बिचारा? कोन बिचारा? हा सकाळपासून माझ्या सात पिढ्या उद्धरतोय, याला बिचारा लिवलंय तुम्ही?"

"खोडलं," पाळकसाहेब म्हणाले, आणि खरंच खोडलं.

"आनि पादरीबाबा, तुमचा देव आंधल्यांना बरा करतो ना? मग याच्या टायमाला कुठं गेल्ता?"

"मीही त्याला हेच विचारतोय. तीस वर्षं झाली. उत्तर आलं की तुम्हाला आधी कळवतो."

पांडू जाळ्यातून मान वर न काढता म्हणाला, "घाई नको करू सांग त्याला. डोले आले तर हिचं तोंड बघायला लागंल."

सगळे हसले. मीसुद्धा. पण येताना टॅक्सीत मला सारखं वाटत होतं की त्या बाईला टकटक करायला काहीच लागलं नाही. नुसता कोयता आपटला.

माझगाव

टॅक्सी गोदीच्या भिंतीकडेने वळली आणि चर्च दिसलं. मी आधी दाराकडे बघितलं. तिथे पूर्वी सात दगडी पायऱ्या होत्या. आता एकही नाही. त्यांच्या जागी उतार आहे, आणि सुनीची खुर्ची त्यावरून सरळ आत गेली. पाळकबाईंनी, म्हणजे साहेबांच्या बायकोने, सांगितलं की पायऱ्या फोडल्या तेव्हा चर्चच्या मंडळीतली जुनी माणसं वर्षभर साहेबांशी बोलत नव्हती. आतही वेदीपुढचा कठडा काढून टाकला आहे. पूर्वी लोक तिथे गुडघे टेकून त्यांचा प्रसाद घेत. ज्यांना गुडघे टेकता येत नाहीत ते मागे राहत. आता पाळकसाहेब सगळ्यांकडे, बाकाबाकाशी जाऊन देतात. "त्यामुळे जेवणाला उशीर होतो," पाळकबाई म्हणाल्या.

मी पायऱ्यांच्या जागेकडे बघत होते. त्यातल्या तिसऱ्या पायरीवर मी सुनीला ठेवलं होतं.

पाळकबाईंनी वरण-भात, बटाट्याची भाजी आणि नगरकडची शेंगदाण्याची चटणी वाढली. जेवायच्या आधी त्यांच्याकडे डोळे मिटून प्रार्थना करतात. आम्ही ताटाभोवती पाणी फिरवतो. सुनीने डोळे मिटले नाहीत. डोळे मिटणं म्हणजे तिच्या हिशेबी 'नाही'. पाळकसाहेब म्हणाले, "बरोबर आहे. भूक लागली असताना नाही कशाला म्हणायचं?"

जेवण झाल्यावर हॉलमध्ये बसलो. पाळकसाहेब, पाळकबाई, सुनी आणि मी. साहेबांनी फाईल उघडली. ते म्हणाले, त्यांच्या धर्मात येशूने पांगळ्यांना उभं केल्याच्या गोष्टी आहेत, आणि देवळात त्या सांगताना सगळे उभं राहिलेल्या माणसाकडे बघतात. पण जे उठलेच नाहीत ते मागच्या बाकावर बसून ती गोष्ट ऐकत असतात, त्यांना ती कशी ऐकू येत असेल? सगळं पुस्तक त्याच्यावर आहे. मग आमचं पान आलं.

त्यात होतं की संपाच्या दिवसांत एका दुपारी ते पुस्तकांमध्ये डोकं घालून बसले होते. बाहेर आले तर पायरीवर एक बाई तिच्या पांगळ्या मुलीवर वाकली होती, तिच्यावरची चादर नीट करत होती. तिने काहीच मागितलं नाही. त्यांनी लिहिलं होतं की त्या क्षणी त्यांना वाटलं, देव कसा असतो हे मी इतकी वर्षं ग्रंथांत शोधलं, आणि तो इथे पायरीवर आहे. वर घेऊन जात नाही, बरं करत नाही, पण सोडूनही जात नाही. पांघरूण घालतो.

पाळकबाई डोळे पुसत होत्या. पाळकसाहेबांनी पान खाली ठेवलं. "काही चूक?"

मी खाटेबद्दल विचारायला आले होते. आता कसं विचारणार? जी कधी सोडून जात नाही तिने कसं विचारायचं, की हिला ठेवून घ्या? चूक नाही म्हणून मान हलवली असती तर सुनीला घेऊन परत यावं लागलं असतं, आणि रोज उचलावं लागलं असतं, मी पडेपर्यंत. सुनी माझ्याकडे बघत होती. टक लावून.

मी बाकावर बोट वाजवलं. ते एवढं हळू वाजलं की मला वाटलं कोणाला ऐकू गेलं नाही. पाळकसाहेबांना गेलं.

"बोला, सुनीच्या आई."

"मी चादर घालत नव्हते," मी म्हटलं. "काढत होते."

मग मी सांगितलं. घरात दहा महिने पगार नव्हता, सुनीचे बाबा गावाला गेले होते. मी तिला तिथे सोडायला नेलं होतं. ख्रिस्ती लोक अशा मुलांना टाकत नाहीत असं ऐकलं होतं. तिसऱ्या पायरीवर ठेवलं, पाण्याची बाटली ठेवली आणि फाटकाबाहेर गेले. रस्ता ओलांडला. तिथे आठवलं की तिच्या अंगावरची चादर यशोदाची आहे, ती परत द्यायला हवी, नाहीतर यशोदा विचारेल. चादर घ्यायला परत आले. अर्धी काढली होती तेवढ्यात दार उघडलं आणि तुम्ही बाहेर आलात. तुम्ही म्हणालात, या आत या, ऊन आहे. मला नाही म्हणता आलं नाही.

पाळकबाईंच्या तोंडून एकदम हसू फुटलं, आणि मग त्यांनी पदर तोंडाला लावला. पाळकसाहेबांनी चष्मा काढला.

"म्हणजे चादर परत द्यायची नसती तर?"

"तर मी गेले असते."

"दहा वर्षं मी हे पान घेऊन बसलोय," ते म्हणाले. रागाने नाही. दमलेल्या माणसासारखं. "दोन परिषदांत वाचलं. लोक रडले." मग सुनीकडे वळले. "सुनंदा, तुला हे ठाऊक होतं?"

सुनीने डोळे वर नेले.

मी तिच्याकडे बघू शकले नाही. नऊ वर्षांची होती. तिने मला फाटकाबाहेर जाताना बघितलं असणार. तिला कोणी विचारलं नव्हतं, म्हणून तिने सांगितलं नव्हतं.

"आणि आज का सांगितलंत?" साहेबांनी मला विचारलं.

"कारण मी परत त्यासाठीच आलेय. तेव्हा न विचारता ठेवत होते. आता विचारून ठेवते आहे. माझ्याने आता होत नाही, साहेब."

"मला नका विचारू," ते म्हणाले. "त्या घरात आईबापांच्या शब्दावर कोणाला घेत नाही. मुलीला तीन दिवस ठेवून घेतो. रोज वेगळा माणूस विचारतो, राहायचं का. शेवटच्या दिवशी ती जे सांगेल ते धरायचं."

त्याच दुपारी त्यांनी स्वतः विचारलं. सुनीने डोळे वर नेले. प्रश्न पुरा व्हायच्या आधी.

बंगल्यातले दोन दिवस

बंगल्यात आठ मुली आहेत. कोणी मेणबत्त्या करतात, कोणी पिशव्या शिवतात. एक मुलगी नुसती दारात बसते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला नाव विचारते, तेच तिचं काम. रात्री आठला दिवे बंद. सकाळी चहाबरोबर कडक बुरुन पाव. सुनीला पाव गिळायला वेळ लागतो, तर शेजारच्या खाटेवरच्या मुलीने तो चहात बुडवून ठेवला. मी सांगितलं नव्हतं.

त्या दुसऱ्या दिवशी सुनीने माझ्या हातून काही खाल्लं नाही. मी घास पुढे केला की तोंड मिटायची. पाळकबाईंकडून खायची. मी गॅलरीत जाऊन बसले. समोर गोदीत एक जहाज रंगवत होते. तीन माणसं दोरीला लोंबकळून एकाच जागेवर रंग लावत होती. दिवसभर मी तेच बघितलं.

संध्याकाळी पाळकबाईंनी विचारलं. सुनीने डोळे मिटले. नाही.

मला एकदम हलकं वाटलं. घरी घेऊन जायचं, संपलं. आणि मग लगेच कंबरेत कळ आली, कोणी उचललेलं नसतानासुद्धा.

तिसऱ्या सकाळी पाळकसाहेब हॉलमध्ये भेटले. रात्र जागल्यासारखे दिसत होते. त्यांनी ते पान खोडून टाकलं होतं आणि शेजारी नवीन लिहिलं होतं. आम्हा दोघींना वाचून दाखवलं. त्यात चादर शेजारणीची होती, हेही होतं. आणि शेवटी लिहिलं होतं की मी दार उघडलं तेव्हा मी जे पाहिलं ते मला पाहायचं होतं म्हणून दिसलं, आणि आईला मी विचारलंसुद्धा नाही की तुम्हाला काय हवंय.

"छापू?" त्यांनी सुनीला विचारलं. तिने डोळे वर नेले. मग मला विचारलं. मी म्हटलं, "छापा. पण यशोदाचं नाव घालू नका. तिला ते अजून माहीत नाही."

"छापखाना थांबेल," ते म्हणाले. "त्याला माझी सवय आहे."

मग ते आणि पाळकबाई उठून बाहेर गेले. जाताना म्हणाले, "आज तुमची पाळी."

विचारायचं माझ्यावर होतं, हे मला आधी सांगितलं नव्हतं. मी सुनीच्या समोर बसले. तिचे केस कोणी तरी दोन वेण्यांत घातले होते. मी नेहमी एकच घालते. मी आधी दुसरंच विचारलं. "राग आहे?"

डोळे वर.

"त्या दिवसाचा?"

डोळे वर.

"आणि आजचा?"

ती थांबली. डोळे वरही गेले नाहीत, मिटलेही नाहीत. माझ्याकडे बघत राहिली. मी तिचा हात धरला. तो नेहमीसारखा आवळलेला होता. एकेक बोट सोडवलं. तेवढ्यात मी मनात दोन्ही उत्तरांची तयारी करत होते. घरी आली तर नवीन उशी करायची होती, राहिली तर सुनीच्या बाबांना कसं सांगायचं ते.

"सुने, राहतेस इथे?"

तिने डोळे वर नेले. आणि तसेच ठेवले, मला दिसलं नसेल असं वाटून.

मी हो म्हटलं. पिशवीतला तिचा फ्रॉक काढून उशाशी ठेवला. तेल कुठलं लागतं ते पाळकबाईंना सांगितलं, पाठीसाठी डाव्या कुशीवर झोपवायचं हे सांगितलं. मग सांगण्यासारखं काही उरलं नाही, तरी मी तिथेच उभी. टॅक्सी उतारापाशी येऊन थांबली होती.

"मी येऊ ना अधूनमधून?" मी विचारलं.

सुनीने डोळे मिटले.

मी खाटेचा दांडा धरला. ती डोळे गच्च मिटून पडून राहिली, आणि मग हसू दाबत हळूच एक डोळा उघडून माझ्याकडे बघितलं.